रनफ्लॅट टायर की स्टेपनी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात महामार्गालगत माझं टायरचं दुकान आहे. गणपतीच्या आधीचा पंधरवडा, दिवाळीची सुट्टी आणि मे महिना, या तीन हंगामांत हेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. कुणी दुकानात उभं राहून विचारतं, कुणी रात्री अकराला व्हॉट्सॲपवर. प्रश्नांची भाषा शक्यतो विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे. गाड्यांचे नंबर आणि ‘अर्जंट रिप्लाय द्या’ एवढं काढून टाकलं.

१. रनफ्लॅट म्हणजे ट्यूबलेसच ना? शोरूमवाला वेगळे पैसे का सांगतोय?

रनफ्लॅट ट्यूबलेसच असतो, पण प्रत्येक ट्यूबलेस रनफ्लॅट नसतो. साध्या ट्यूबलेसमध्ये खिळा घुसला तर हवा हळूहळू जाते, त्यामुळे दुकानापर्यंत पोचायला वेळ मिळतो. पण हवा पूर्ण गेली की खेळ संपला. टायरची बाजू दुमडते, गाडीचं वजन रिममार्फत थेट तिच्यावर येतं आणि एक-दोन किलोमीटरमध्ये टायर आतून चिरून निकामी होतो. रनफ्लॅटच्या बाजूला आतून जाड, कडक रबराचा थर असतो. आत हवा शून्य असली तरी ती बाजू गाडीचं वजन काही काळ पेलते. कंपन्या साधारणपणे ताशी ८० किमी वेगाने ८० किमी अंतर सांगतात. जादा पैसे त्या थराचे.

२. माझ्या गाडीला रनफ्लॅट आहेत की नाहीत, हे कसं ओळखायचं?

टायरच्या बाजूवर वाचा. प्रत्येक कंपनीची खूण वेगळी असते: ब्रिजस्टोनचं आरएफटी, मिशेलिनचं झेडपी, कॉन्टिनेंटलचं एसएसआर, गुडइयरचं आरओएफ. बीएमडब्ल्यू आणि मिनीच्या बऱ्याच गाड्या कारखान्यातूनच रनफ्लॅटवर येत आल्या आहेत, मर्सिडीजच्याही काही. सेकंडहँड घेतली असेल तर चारही टायर वाचा. आधीच्या मालकाने दोन बदलून साधे टाकलेले असू शकतात. तसं निघालं तर प्रश्न १२ पाहा.

३. हवा गेली तरी गाडी चालते, मग पंक्चर झालंय हे कळणार कसं?

चाकावरून कळणारच नाही. कडक बाजूमुळे रनफ्लॅट बसलेला दिसत नाही आणि स्टिअरिंगलाही फार फरक जाणवत नाही. म्हणून रनफ्लॅटसोबत टीपीएमएस, म्हणजे टायरमधल्या हवेवर लक्ष ठेवणारी यंत्रणा, असावीच लागते. डॅशबोर्डवर घोड्याच्या नालेसारखी पिवळी खूण आणि आत उद्गारचिन्ह, ती ही. आमच्याकडे येणाऱ्यांपैकी निम्मे म्हणतात, ‘तो लाईट कधीपासूनच आहे.’ तो कधीपासून पेटलाय हे माहीत नसेल, तर ८० किमीची मोजणी कुठून करायची?

४. ८० म्हणजे नक्की ८० ना? शंभर गेलं तर?

८० हा हिशेब ठरावीक वजन, ठरावीक तापमान आणि बऱ्या रस्त्याचा आहे. हवेशिवाय चालताना बाजूचं रबर प्रत्येक फेरीला दबतं, सुटतं आणि तापतं. सात माणसं, वर कॅरियर, मे महिन्याची दुपार आणि खड्डे असतील तर रबर लवकर हरतं. मी लोकांना सांगतो की ५० धरा, आणि वेग ६० च्या वर नेऊ नका. शंभर गेलं तरी कदाचित पोचालही, पण आतल्या बाजूला रबराचा भुगा सापडेल आणि रिमही गेलेली असेल.

५. स्टेपनी हे नाव कुठून आलं? इंग्लिश माणसाला सांगितलं तर कळत नाही.

वेल्समधल्या लानेल्ली गावी स्टेपनी स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. तिथल्या डेव्हिस बंधूंनी १९०४ च्या सुमारास मोटारींसाठी जादा चाक विकायला सुरुवात केली. तोवर मोटारी जादा चाकाशिवायच येत. हवा भरलेला टायर चढवलेली ती बिनआऱ्यांची रिम असायची, पंक्चर झालेल्या चाकालाच बाहेरून आवळायची. रस्त्याच्या नावावरून ‘स्टेपनी’. ब्रिटनमध्ये शब्द विरला, आपल्याकडे रुजला. ब्राझीलमध्येही जादा चाकाला ‘इस्तेपी’ म्हणतात, ते याचंच भावंड. म्हणजे मूळ स्टेपनीही घरापर्यंत पोचण्यापुरतीच होती.

६. नव्या गाडीत स्टेपनीच नाही! पावडर भरावी तशी एक बाटली आणि पंप दिलाय. डीलरने फसवलं का?

बहुधा नाही. जुलै २०२० मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झाला. चालकासह नऊपर्यंत आसनं आणि साडेतीन टनांपर्यंत वजन असलेल्या प्रवासी गाडीत ट्यूबलेस टायर, टीपीएमएस आणि दुरुस्तीचं किट असेल तर स्टेपनी देणं बंधनकारक नाही. कंपन्यांचा फायदा उघड आहे. वजन कमी होतं, खर्च वाचतो आणि इलेक्ट्रिक गाडीत बॅटरीला जागा मिळते. बुकिंगच्या वेळी विचारायचं राहून गेलं, एवढीच चूक. ब्रोशरच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात ‘टायर रिपेअर किट’ लिहिलेलं असतं. काही मॉडेलमध्ये डिकीत चाकाची खोबण असते पण चाक नसतं. तिथे योग्य मापाचं चाक विकत घेऊन ठेवता येतं. खोबण नसेल तर डिकीत आडवं बांधून ठेवावं लागेल. ते मोकळं ठेवू नका. जोरात ब्रेक लागला की पंधरा-वीस किलोचं चाक मागच्या सीटवर आदळतं.

७. ते किट वापरायचं कसं? आणि ते नेहमी चालतं का?

नेहमी चालत नाही. बाटलीतला चिकट द्रव आत जाऊन भोक आतून बुजवतो, त्यामुळे भोक लहान, साधारण ६ मिमीपर्यंत, आणि नक्षीच्या, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या, भागातच असलं पाहिजे. टायर बाजूला फाटला असेल, रिम वाकली असेल किंवा हवा नसताना गाडी थोडी तरी चालली असेल, तर बाटली रिकामी होईल आणि टायर तसाच राहील. आपल्याकडे टायर जातात ते खिळ्यांनी आणि खड्ड्यांनी. खिळ्यावर किट चालतं, खड्ड्यावर नाही.

वापरताना खिळा उपटू नका, तो निम्मं भोक बुजवून बसलेला असतो. इंजिन चालू ठेवा, पंप बारा व्होल्टच्या सॉकेटला लावा आणि पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे द्रवासह हवा भरा. मग लगेच निघा, कारण टायर फिरला तरच द्रव आत पसरतो. पाच-दहा किमीवर थांबून हवा पुन्हा बघा. २० पीएसआयच्या (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप) खाली गेली असेल तर पुढे जाऊ नका, टो व्हॅन बोलवा. टिकली असेल तर ८० च्या आत थेट दुकानात जा.

दोन गोष्टी कुणी सांगत नाही. बाटलीला मुदत असते, ती छापलेली असते आणि चार-पाच वर्षांत संपते. आणि दुकानात आल्यावर आधी सांगा की आत द्रव भरलाय. नाहीतर टायर उघडणाऱ्या पोराच्या अंगावर पांढरा चीक उडतो आणि टीपीएमएसचा सेन्सरही त्यात बरबटलेला सापडतो.

किटमधला पंप मात्र सोन्यासारखा आहे. स्टेपनी असलेल्यांनीही तसा एक घेऊन ठेवावा.

८. स्टेपनी इतर चार टायरांपेक्षा बारीक का आहे? त्यावर ‘८०’ लिहिलंय, ते काय?

ती तात्पुरती स्टेपनी आहे आणि ८० हा वेग आहे. प्रकार दोन. पहिला आपल्याकडे जास्त दिसतो: गाडीला सोळा-सतरा इंची अलॉय आणि स्टेपनी मात्र पंधरा-सोळा इंची पोलादी रिमवर. टायर साधाच, फक्त माप वेगळं. दुसरा प्रकार खराखुरा अरुंद असतो, त्याच्या मापाआधी ‘टी’ अक्षर असतं आणि त्यात हवा साधारण ६० पीएसआय भरतात. हे माहीत नसल्याने पेट्रोल पंपावरचा मुलगा त्यात तेहतीस भरतो आणि मग चाक दबलेलं दिसतं. दोन्ही प्रकारांवर पंक्चरवाल्यापर्यंत जायचं. गोव्यापर्यंत नाही.

९. पुढचं चाक पंक्चर झालं आणि बारीक स्टेपनी पुढेच लावली. काही होईल का?

जवळच्या दुकानापर्यंत हळू जाल तर काही होणार नाही. पण बहुतेक फॅमिली गाड्यांमध्ये इंजिनची ताकद, स्टिअरिंग आणि ब्रेकचा मोठा वाटा पुढच्या चाकांकडे असतो. एक चाक लहान असलं की ते जास्त फेरे मारतं, डिफरन्शियल, म्हणजे वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी गिअरची पेटी, सरळ रस्त्यावरही सतत काम करत राहतं, गाडी एका बाजूला ओढते आणि कधीकधी एबीएसचा दिवा लागतो. पुस्तकी उत्तर असं की मागचं चांगलं चाक पुढे आणा आणि स्टेपनी मागे लावा. पण रस्त्याच्या कडेला, शेजारून ट्रक जात असताना, जॅक दोनदा लावायला मी सांगणार नाही. घराच्या अंगणात असाल तर जरूर करा. चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीत मात्र वेगळ्या मापाची स्टेपनी लावण्याआधी पुस्तिका वाचाच. तिथलं नुकसान टायरपेक्षा कितीतरी महाग पडतं.

१०. सरळ सांगा, घरच्या गाडीला काय चांगलं? रनफ्लॅट, किट की स्टेपनी?

महाराष्ट्रात फिरणाऱ्या कुटुंबासाठी माझं मत: पूर्ण मापाची स्टेपनी, हवा भरलेली. जोडीला छोटा पंप.

रनफ्लॅट तुम्हाला ८० किमी देतो, हे खरं. प्रश्न असा की त्या ८० किमीत आहे काय? पुणे-मुंबईत अर्ध्या तासात टायरचं मोठं दुकान येतं. कोल्हापूरहून रत्नागिरीला निघालात आणि आंबा घाटात पंक्चर झालं, तर दोन्ही शहरं साधारण साठ-सत्तर किमीवर. काठावरचा हिशेब आहे, पोचाल. पण पोचल्यावर तुमच्या मापाचा रनफ्लॅट त्या दुकानात असेलच असं नाही. मग दोन दिवस लॉजवर. समृद्धी महामार्ग घ्या. नागपूर ते मुंबई ७०१ किमी, वेगमर्यादा १२०. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर यांच्यामध्ये चारशे किमीहून जास्त अंतर आहे. तुम्ही वाशिम-बुलढाण्याच्या पट्ट्यात असाल तर रनफ्लॅट तुम्हाला एखाद्या तालुक्याच्या गावी नेऊन सोडेल. तिथला पंक्चरवाला हुशार असतो, पण त्याच्याकडे अठरा इंची रनफ्लॅट नसतो आणि बहुतेकदा तो उघडायचं मशीनही नसतं. साध्या टायरची गाडी मात्र स्टेपनी लावून पुढे जाते आणि तोच पंक्चरवाला शंभर-दीडशे रुपयांत टायर परत वापरता येईल असा करून देतो.

रनफ्लॅटची एक बाजू मी मान्य करतो. रात्रीची वेळ, पाऊस, सोबत म्हातारी माणसं किंवा तान्हं मूल, आणि थांबायला सुरक्षित जागा नाही. अशा वेळी गाडीतून न उतरता वीस-तीस किमी पुढच्या उजेडात जाता येणं याची किंमत पैशात होत नाही. शहरातच फिरणाऱ्या, चाक बदलणं शक्य नसलेल्या माणसाला रनफ्लॅट शोभतो.

किट तिसऱ्या क्रमांकावर. कारण प्रश्न ७ मध्ये आहे.

११. रनफ्लॅटमुळे गाडी आदळते असं मालकच सांगतात. खरं आहे?

बऱ्याच अंशी खरं. जी कडक बाजू हवेशिवाय गाडी पेलते, ती हवा असतानाही कडकच असते. लहान धक्के टायरने गिळायचे ते सस्पेन्शनकडे आणि तिथून तुमच्या कमरेकडे जातात. नवे रनफ्लॅट पूर्वीपेक्षा मऊ झालेत आणि कंपनी त्यासाठी सस्पेन्शनही जुळवते. तरी आमच्याकडच्या खड्ड्यांत रिमला तडा गेलेल्या गाड्या येतात, त्यांत रनफ्लॅटवाल्या ठळक दिसतात. दोष एकट्या टायरचा नाही. या गाड्यांच्या रिम मोठ्या आणि टायरची उंची कमी असते, म्हणून खड्ड्याची धार थेट रिमला लागते. बाजूला फुगा आला तर आतले धागे तुटलेत असं समजा. रनफ्लॅट असो वा साधा, तो टायर बाद.

१२. रनफ्लॅट महाग पडतात. दोन बदलून साधे टाकले तर चालेल का?

नाही. दोन टायर एका स्वभावाचे आणि दोन दुसऱ्या स्वभावाचे झाले की वळणावर आणि ओल्या रस्त्यावर गाडी कशी वागेल याचा भरवसा राहत नाही. शिवाय कोणतं चाक हवेशिवाय चालेल हे ऐन वेळी आठवायचं कुणी?

चारही बदलून साधे टाकता येतात आणि खूप जण टाकतात. गाडी मऊ चालते, खर्चही कमी. माप, भारक्षमतेचा आकडा आणि वेगाचं अक्षर मूळ टायरइतकंच ठेवा. पण त्या क्षणी तुमचं विम्यासारखं ८० किमी गेलं, हे लक्षात ठेवा. अशा बहुतेक गाड्यांमध्ये स्टेपनीची खोबण नसते. म्हणून किमान किट आणि पंप घेतल्याशिवाय दुकानातून बाहेर पडू नका. मी तरी तसं सोडत नाही.

१३. आणि उलटं? माझ्या साध्या गाडीला रनफ्लॅट बसवून स्टेपनी काढून टाकू का?

कृपया नको. मध्यम आणि लहान गाड्यांच्या मापात रनफ्लॅट आपल्या बाजारात मिळणंच कठीण. मिळाला तरी त्यासाठी रिमचा आतला आकार वेगळा असतो, हवा नसताना टायरची कड घसरू नये म्हणून. टीपीएमएस हवी. सस्पेन्शन त्यासाठी जुळवलेलं नाही. एवढं करून डिकीत एका बॅगेची जागा मिळेल.

१४. रनफ्लॅटचं पंक्चर काढता येतं का? एका दुकानात ‘फेकून द्या’ म्हणाले.

त्यांनी कदाचित सुरक्षित उत्तर दिलं. टायर कंपन्यांची मतं सारखी नाहीत. काही म्हणतात दुरुस्ती नकोच, काही अटींसह एकदा चालेल म्हणतात. कळीचा मुद्दा भोक नाही, टायर कमी हवेवर किती चालला हा आहे. टीपीएमएसने सांगितल्याबरोबर थांबलात, खिळा नक्षीत आहे आणि भोक लहान आहे, तर टायर उतरवून आतून पाहायचं. आत सुरकुत्या, निळसर छटा किंवा रबराचा भुगा दिसला तर टायर गेला. स्वच्छ असेल आणि त्या कंपनीची परवानगी असेल, तर आतून मशरूम पॅच, म्हणजे भोकात दांडा आणि आतून चकती बसणारं ठिगळ. बाहेरून नुसती स्ट्रिप (चिकट रबरी दोरी) कोंबून रनफ्लॅट पाठवू नये. आतली बाजू न पाहता तो चांगला आहे हे कुणालाच सांगता येत नाही. बाजूवरच्या भोकाची दुरुस्ती कोणत्याच टायरला नाही.

१५. स्टेपनीत हवा किती ठेवायची? आणि किती दिवसांनी बघायची?

हा प्रश्न लोक विचारतात ते स्टेपनी बसलेली निघाल्यानंतर. माझ्या अनुभवात पंक्चरपेक्षा मोठा शत्रू हा आहे. चार टायर डोळ्यांसमोर असतात, पाचवा गालिच्याखाली. हवा हळूहळू जातच असते. वर्ष-दीड वर्षाने स्टेपनी काढावी तर वीस पीएसआय. मग दोन पंक्चर चाकं आणि एक कुटुंब.

चारही टायरांत हवा भरता तेव्हा, महिन्यातून एकदा, पाचव्यातही भरून घ्या. पूर्ण मापाच्या स्टेपनीत दरवाजाच्या चौकटीवरच्या आकड्यापेक्षा तीन-चार पीएसआय जास्त ठेवा, कमी करणं सोपं असतं. ‘टी’ प्रकाराचं वेगळं आहे, प्रश्न ८ पाहा. पेट्रोल पंपावर हवा फुकट द्यायची असते, त्यामुळे कारण पैशाचं नसतं. डिकीतलं सामान उचलायचा कंटाळा, एवढंच.

१६. आमच्या गाडीची स्टेपनी दहा वर्षांची आहे पण एकदाही वापरली नाही, कोरी आहे. चालेल ना?

कोरी दिसते, पण नवी नाही. रबर न चालताही म्हातारं होतं. बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात. ३५१५ म्हणजे २०१५ चा पस्तिसावा आठवडा. सहा वर्षांनंतर मी दरवर्षी तपासायला सांगतो. दहा झाली की घरच्या प्रवासासाठी बाद. नक्षी १.६ मिमीपेक्षा कमी नको हा नियम आहेच, पण जुन्या स्टेपनीचा घात नक्षीने होत नाही, बारीक भेगांनी होतो. पूर्ण मापाची आणि त्याच रिमची असेल तर पाचही टायर आलटून पालटून फिरवत राहा. मग हा प्रश्नच येत नाही.

१७. गणपतीला गावी जाताना डिकी खच्चून भरलेली असते. स्टेपनी काढायची कशी?

सगळं रस्त्यावर उतरवून. दुसरा मार्ग नाही. दरवर्षी मुंबई-गोवा महामार्गावर हे दृश्य दिसतं: पावसात बॅगा, करंड्या, मखराचे पुठ्ठे, मांडीवर मूर्ती घेतलेल्या आजी आणि सगळ्याच्या तळाशी स्टेपनी. भरतानाच जॅक आणि पाना वर काढून ड्रायव्हरच्या सीटखाली ठेवा आणि डिकीत तळाला एक मोठी चादर अंथरा. सामान तिच्यावरच उतरतं.

सीएनजी गाडीत टाकीने डिकी व्यापलेली असते आणि स्टेपनी कधी टाकीवर उभी, कधी टाकीखाली. घरीच एकदा काढून बघा. पोटाखाली स्टेपनी असलेल्या गाड्यांना (अर्टिगा, स्कॉर्पिओ, इनोव्हा) सामानाचा त्रास नाही, पण तिथला लोखंडी दोर आणि नट चिखलाने गंजून जाम होतात. पावसाळ्यापूर्वी एकदा खाली सोडून तेल द्या. बोलेरो आणि थारवाल्यांना हसायला मोकळीक आहे, त्यांची मागच्या दारावर असते.

१८. मी एकटी दोन मुलांना घेऊन प्रवास करते. चाक बदलणं मला जमेल का? आणि कधी बदलू नये?

जमेल. ताकदीपेक्षा क्रम महत्त्वाचा. गाडी सपाट आणि टणक जागी, हँडब्रेक, पहिला गिअर किंवा ‘पी’, कर्णरेषेतल्या चाकाला दगड. मुलं रस्त्यापासून लांब, कठड्यापलीकडे. नट आधी ढिले करायचे, मग जॅक. उलटं केलंत तर चाक फिरत राहतं आणि गाडी जॅकवर डुलते. नट हलत नसेल तर पाना आडवा बसवून त्यावर पाय देऊन वजन टाका. कारखान्यात किंवा दुकानात गनने आवळलेले नट हाताने सुटत नाहीत, ते माझ्यानेही नाही. बसवताना नट समोरासमोर, आळीपाळीने आवळा, आणि पन्नासेक किमीवर पुन्हा एकदा.

कधी बदलू नये: घाटातल्या वळणावर, उतारावर, द्रुतगती मार्गावर रहदारीच्या बाजूचं चाक असेल तर, आणि रात्री अरुंद कडेला. तिथे साधा टायरही हळूहळू चालवत पाचशे मीटर पुढच्या मोकळ्या जागेत न्या. टायर जाईल, जाऊ दे. चारही इंडिकेटर लावा, लाल त्रिकोण लांब मागे ठेवा, माणसं गाडीबाहेर. राष्ट्रीय महामार्गावर १०३३, इतरत्र धोका वाटला तर ११२. समृद्धी आणि पुणे-मुंबई द्रुतगती मार्गाचे मदत क्रमांक वेगळे आहेत, निघण्यापूर्वीच मोबाईलमध्ये भरून ठेवा. घाटात रेंज असेलच असं नाही.

१९. नंतर अलॉय व्हील बसवली. स्टेपनी लोखंडी रिमची आहे. नट तेच चालतात का?

कधी चालतात, कधी नाही. अलॉयच्या नटाचा बसायचा आकार किंवा लांबी वेगळी असू शकते. चुकीचा नट आवळल्यासारखा वाटतो पण बसत नाही. अलॉय घेतलेल्या दुकानात स्टेपनी एकदा लावून बघायला सांगा आणि मूळ नटांचा संच फेकू देऊ नका. चोरीपासून बचाव म्हणून लॉक नट असतील तर त्याची किल्ली गाडीतच हवी. घरच्या ड्रॉवरमध्ये सांभाळून ठेवलेल्या किल्लीचा निपाणीजवळ काही उपयोग होत नाही, हे एका गिऱ्हाइकाने मला रात्री साडेदहाला फोनवर सांगितलं.

२०. टायरचा खर्च विम्यात मिळतो का?

फक्त टायर फुटला किंवा पंक्चर झाला तर नेहमीच्या सर्वंकष पॉलिसीत नाही. अपघातात गाडीचंही नुकसान झालं असेल तरच, तेही बदली टायरच्या किमतीच्या ५० टक्क्यांपर्यंत. एका रनफ्लॅटची किंमत ऐकून घाम फुटत असेल तर टायरचं वेगळं ॲड-ऑन, म्हणजे पॉलिसीला जोडून घ्यायचं जादा संरक्षण, पाहा. त्यात फुगा आणि कापलं जाणं धरलंय का, तेवढं वाचा. रस्त्यावरच्या मदतीचं ॲड-ऑन स्वस्त असतं. किटवाल्यांनी तर घ्यावंच.

२१. रनफ्लॅट फुटत नाही असं ऐकलंय.

चुकीचं ऐकलंय. हवा गेल्यावर तो तग धरतो, पण टायरच फाटला तर पेलायला काही उरत नाही. कमी हवा, जास्त वेग आणि तापलेला रस्ता यांनी कोणताही टायर फुटतो, आणि समृद्धीसारख्या सलग सिमेंटच्या रस्त्यावर तासन्‌तास १२० ने जाताना ते लवकर होतं. टीपीएमएसचा लाईट आल्यावर त्याच वेगाने जाणारा रनफ्लॅटवालाही त्यातलाच.

२२. दोन चाकं एकदम गेली तर? स्टेपनी तर एकच.

मोठ्या खड्ड्यात एका बाजूची पुढची-मागची दोन्ही गेलेली मी पाहिली आहेत. इथे रनफ्लॅट जिंकतो, दोन्हीवर हळू चालत राहील, अर्थात रिम शाबूत असेल तर. साध्या टायरांना जास्त बिघडलेल्या चाकाच्या जागी स्टेपनी आणि दुसऱ्यात पंपाने हवा भरून दर पाच-दहा किमीवर पुन्हा भरत जायचं. हवा अजिबात धरत नसेल तर ते चाक काढा. पण गाडी जॅकवर सोडून जाऊ नका. काढलेल्या जागी दुसरं पंक्चर झालेलं चाक लावून ठेवा, गाडी खाली घ्या आणि हातातलं चाक जाणाऱ्या टेम्पोत किंवा एखाद्याच्या दुचाकीवर घालून पुढच्या गावी पाठवा. गगनबावड्याच्या रस्त्यावरून असं चाक एकदा एसटीतून माझ्या दुकानात आलं होतं, सोबत सातवीतला मुलगा, हातात चिठ्ठी: ‘पंक्चर काढून याच गाडीने परत पाठवणे.’